उशाशी काय आहे?

व्यापारी घरांत 'गादी' हा शब्द केवळ झोपण्याच्या वस्तूपुरता कधीच नव्हता. पेढीची गादी, आजोबांनंतर वडिलांनी सांभाळलेली गादी, गादीवर बसणे, गादीची अब्रू राखणे, अशा बोलण्यातून त्या शब्दाभोवती घराण्याची पत उभी राहिली. ती गादी दिसायला साधी असे. पांढरी स्वच्छ चादर, भिंतीशी लोड, बाजूला तक्के, समोर उतरते मेज आणि त्यावर चोपड्या. दिवाळीत वहीपूजनापूर्वी गादी उसवली जाई, पिंजारी येऊन कापूस पिंजून देई, नवे अभ्रे चढत आणि जुन्याच कापसाची गादी पुन्हा नवी होई. आपण कशावर बसतो आणि कशाला टेकतो, हे घरातील लहान मूलही सांगू शके, कारण वर्षातून एकदा ते सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडले जात असे.

आज लोडाची जागा पलंगाच्या उशाकडील गुबगुबीत पाठीने, म्हणजे हेडबोर्डने घेतली आहे. फर्निचरच्या दुकानात ती मखमली कापडात, बटणांच्या खळग्यांसह, सुंदर दिसते. परंतु तिच्या पोटात काय भरले आहे, ती कशाने चिकटवली आहे, याचा पत्ता ना गिऱ्हाइकाला असतो ना पुष्कळदा विक्रेत्याला. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील हिरवा ठिपका आपण शोधतो, घटकांची यादी वाचतो, शंका आली तर पाकीट परत ठेवतो. पलंगाच्या पाठीवर मात्र कोणताच ठिपका नसतो, आणि तिला मस्तक टेकून आपण रोज रात्री नवकार म्हणतो.

म्हणून ही वस्तू घरीच तयार करावी, असे सुचवावेसे वाटते. त्यात पैसा वाचतो हे खरेच. पण त्याहून मोठा लाभ असा की ती आतून-बाहेरून आपल्या माहितीची राहते.

वसईच्या भिंती

वसई गावातील होळीच्या परिसरात जुनी बैठी घरे आणि नव्या इमारती शेजारीशेजारी नांदतात. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, मध्ये केळीच्या बागा आणि विहिरी. हवेत ओलावा बारमाही. कोकणच्या या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणी पलंग भिंतीला लावून ठेवला की काही महिन्यांतच डोके टेकण्याच्या जागी तेलाचा डाग उमटतो, चुन्याची भुकटी पाठीला लागते आणि पावसाळ्यात भिंत गार, दमट होते. वृद्धांच्या पाठीला तो गारवा सोसत नाही. पलंगाला पाठ हवी ही गरज येथे हौसेपेक्षा मोठी आहे.

परंतु याच हवेमुळे बाजारातील तयार पाठ येथे लवकर बिघडते. भिंतीला घट्ट चिकटलेल्या पाठीमागे वारा खेळत नाही आणि बुरशी धरते. आपल्या घरांत जिला लीलफूग म्हणतात तीच ही. शास्त्राने तिला अनंतकाय म्हटले आहे. एकदा ती उगवली की पुसणेही दोषाचे आणि राहू देणेही अनारोग्याचे. बटणांच्या खळग्यांत आणि चुण्यांत धूळ साचते, ढेकणांना आसरा मिळतो, आणि मग औषध फवारण्याचा प्रसंग येतो. जीवोत्पत्ती झाल्यानंतरच्या हळहळीपेक्षा ती होऊच नये अशी रचना करणे, यालाच आपल्याकडे जयणा म्हटले आहे. घरी पाठ करताना ही एक गोष्ट मनाशी ठेवली की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतात.

कर्मादानांची आठवण

श्रावकाच्या सातव्या व्रतात, भोगोपभोग परिमाणात, पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. व्यापाऱ्याने कोणते धंदे टाळावेत याची ती यादी. तिच्यात दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य, केशवाणिज्य आणि विषवाणिज्य ही नावे येतात. शतकांपूर्वीची ही यादी हातात घेऊन फर्निचरच्या दुकानात शिरले, तर ती आजही लागू पडते असे दिसते.

दंतवाणिज्यात हस्तिदंताबरोबर प्राण्यांची कातडी, पिसे यांचाही समावेश परंपरेने केला जातो. कातड्याचे आवरण आणि बदक-हंसांच्या पिसांनी भरलेल्या उशा त्यात येतात. केशवाणिज्याच्या संदर्भात हे लक्षात घ्यावे की युरोपातील जुन्या पद्धतीच्या गादीकामात घोड्याचे केस भरण्याची रीत होती, आणि महाग, हस्तनिर्मित म्हणून विकल्या जाणाऱ्या फर्निचरात ती अजूनही आढळते. आपल्याकडचा स्वस्त नमदाही तपासून घ्यावा. पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांपासून शॉडी धागा काढण्याचा मोठा उद्योग आहे. चिंध्यांपासून केलेल्या भरावात लोकर मिसळलेली असू शकते. लाक्षावाणिज्य म्हणजे लाखेचा व्यापार. लाकडाला चकाकी देणारे पारंपरिक फ्रेंच पॉलिश चपड्या लाखेचेच असते, आणि लाख ही किड्यांच्या स्रावातून मिळते. विषवाणिज्याचा संबंध वर सांगितलेल्या फवारणीशी पोहोचतो.

याशिवाय दोन गोष्टी यादीत नावाने नसल्या तरी टाळण्याजोग्या. एक, सुतारकामातील जुना सरस. तो जनावरांची कातडी आणि हाडे उकळून करतात. पांढरा कृत्रिम गोंद बाजारात आल्यावर त्याचा वापर पुष्कळ कमी झाला, तरी जुन्या वळणाच्या कामात तो भेटतो. दुसरी, रेशीम. कोश उकळताना आतील जीव मरतो हे आपण जाणतोच.

कापड कशाचे आहे याविषयी शंका असेल, तर कापडाच्या पेढीवर वाढलेल्यांना ठाऊक असलेली परीक्षा करावी. काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. परीक्षा धातूच्या ताटलीवर करावी.

साहित्य आणि मापे

पाच फूट रुंदीच्या पलंगासाठी, गादीच्या वर दोन फूट उंच पाठ पुरेशी होते. ती एकसंध न करता तीन स्वतंत्र पाट्यांची करावी. प्रत्येक पाटी २० इंच रुंद व २४ इंच उंच. तीन पाट्यांचे लाभ अनेक. त्या रिक्षात मावतात, अरुंद जिन्यातून वर नेता येतात, एक मळली तर तेवढीच काढता येते. एक पाटी तयार झाल्यावर तिचे वजन तीन किलोंच्या आसपास भरते. घरातील कोणीही ती उचलू शकते.

प्लायवुड १२ मिलिमीटर जाडीचे घ्यावे. आठ बाय चार फुटांच्या तक्त्यातील अर्धा, म्हणजे चार बाय चार फुटांचा तुकडा लागतो. त्यातून या मापाच्या चार पाट्या निघतात आणि आठ इंचांची पट्टी उरते. करवतीच्या पात्याची जाडी वजा जाऊन पाटी किंचित आखूड भरेल, त्याने बिघडत नाही. दुकानदार अर्धा तक्ता देत नसेल, तर शेजाऱ्यांनी किंवा दोघी जावांनी मिळून एक तक्ता घ्यावा. दोन पलंगांच्या पाठी त्यात होतात. वसईच्या हवेत साध्या प्रतीपेक्षा पाणी सोसणारे, बीडब्ल्यूआर प्रतीचे प्लायवुड बरे. आयएस ३०३ हे त्याचे मानक. तक्त्यावरील शिक्का पाहून घ्यावा. आयएस ७१० चे मरीन प्लायवुड याहून महाग असते आणि झोपण्याच्या खोलीत त्याची आवश्यकता नाही. नवे प्लाय घरी आणल्यावर चार-आठ दिवस मोकळ्या हवेत उभे ठेवावे, म्हणजे त्यातील गोंदाचा उग्र वास निघून जातो.

भरावासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, घरातल्या जुन्या गादीचा कापूस पिंजून घेणे. हा सर्वांत स्वस्त आणि निर्दोष. मात्र उभ्या पाटीत कापूस खाली बसतो, म्हणून पाच-सहा इंचांवर आरपार टाके घालावे लागतात, आणि दमट हवेत त्याला वरचेवर ऊन द्यावे लागते. दुसरा, नारळाच्या काथ्याचा रबर लावलेला पत्रा. तो टिकाऊ आणि वारा खेळता ठेवणारा, परंतु स्पर्शाला कडक. तिसरा, फोम. ३२ घनतेचा, म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो वजन भरणारा, दोन इंच जाडीचा फोम पाठ टेकण्यास योग्य. सहा बाय तीन फुटांच्या एका पत्र्यातून तिन्ही पाट्यांचे तुकडे निघून वर सोळा इंचांची पट्टी उरते. तिच्या लहान उशा होतात. फोम आगीला लवकर बळी पडतो, हे ध्यानात ठेवून पाठीजवळ दिवा, उदबत्ती किंवा डासांची कॉइल ठेवू नये.

या भागासाठी फोम आणि त्यावर जुन्या गोधडीचा एक थर, ही जोडी सर्वांत समाधानकारक ठरते. फोमवर घालण्यासाठी बाजारात कृत्रिम तंतूंचा पातळ भराव मिळतो. त्याचे काम धुऊन वाळवलेली गोधडी तितकेच चांगले करते. आजीच्या लुगड्यांची गोधडी कपाटात पडून असेल, तर तिला याहून आदराची जागा कोणती?

बाहेरच्या अभ्र्यासाठी प्रत्येक पाटीला ३० बाय ३४ इंच कापड लागते. जाड सुती कापड, कॅनव्हास किंवा खादी चालेल. सोलापुरी चादर याला फार शोभते. साधारण ६० बाय ९० इंचांच्या एका चादरीतून या मापाचे चार तुकडे निघतात, म्हणजे तीन अभ्रे होऊन एक सुटा राहतो. वीण घट्ट, रंग पक्का आणि धुण्यास सोपी. घरातील ९० बाय १०८ इंचांची डबल चादर मध्ये विरली असेल, तरी तिच्या कडेच्या चांगल्या भागातून एक संच सहज निघतो. कातड्यासारखे दिसणारे पॉलियुरेथेनचे कापड मात्र येथे घेऊ नये. दमट हवेत त्याचा वरचा थर सुटतो आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे पडू लागतात.

कृती

१. पाट्यांच्या कडा काचकागदाने घासून गुळगुळीत कराव्यात आणि वरचे दोन कोपरे किंचित गोल करावेत. उघड्या कडांवर रंगाचा किंवा प्रायमरचा हात द्यावा, म्हणजे त्या ओलावा पीत नाहीत.

२. फोमचा तुकडा आणि त्यावर गोधडीचा तुकडा जुन्या सुती कापडाच्या पिशवीत भरून पिशवीचे तोंड शिवून टाकावे. ही गादी पाटीवर चिकटवू नये. गोंद वापरलाच नाही, तर तो कशाचा याची काळजीही उरत नाही, आणि पुढे गादी बदलणे सोपे जाते. पिशवीच्या चारही कोपऱ्यांना नाड्या शिवून त्या पाटीच्या मागे आडव्या बांधाव्यात.

३. अभ्र्याच्या कापडाच्या चारही कोपऱ्यांतून साडेचार इंचांचे चौकोन कापून काढावेत आणि त्या कडा जोडून शिवाव्यात. डब्याच्या झाकणासारखा आकार तयार होतो. खालच्या काठाला चहूबाजूंनी एक इंचाचा नेफा घालून त्यात नाडी ओवावी. हा अभ्रा पाटीवर चढवून नाडी मागे ओढून बांधली की कापड ताठ बसते. टॅकरच्या पिना मारण्याची गरजच पडत नाही.

४. दोन इंच रुंद व पाऊण इंच जाडीची पाच फूट लाकडी पट्टी घेऊन तिची वरची कड ४५ अंशांत तिरकस कापून घ्यावी. तशाच तिरकस कडेच्या, सोळा इंचांच्या तीन पट्ट्या पाट्यांसाठी घ्याव्यात. हे काम लाकडाच्या वखारीत यंत्रावर अल्प मजुरीत होते. लांब पट्टी भिंतीवर बसवताना तिरकी कड वर आणि भिंतीकडे उतरती असावी. पाट्यांच्या मागे लहान पट्ट्या उलट्या, कड खाली करून, एक इंची स्क्रूंनी बसवाव्यात. पाटी वरून अडकवली की तिच्याच वजनाने दोन्ही कडा एकमेकींत घट्ट बसतात, आणि वर उचलली की निघते.

५. भिंतीवरील पट्टीला चार ठिकाणी आठ मिलिमीटरची गिट्टी आणि अडीच इंची स्क्रू पुरतात. छिद्र पाडण्यापूर्वी विजेच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत वायर गेली नाही याची खात्री करावी. पाटीच्या खालच्या कडेला मागून तेवढ्याच जाडीचा लाकडी तुकडा लावावा, म्हणजे ती सरळ उभी राहते आणि भिंत व पाटी यांच्यामध्ये पाऊण इंचाची पोकळी राहून हवा खेळते.

६. पाटीची खालची कड पलंगावरील गादीच्या पृष्ठभागाहून थोडी खाली असावी, नाहीतर मधल्या फटीत उशी सरकते.

भाड्याच्या घरात भिंतीला छिद्र पाडण्याची मुभा नसेल, तर हीच लांब पट्टी दोन उभ्या लाकडी पायांवर बसवून ते पाय पलंगाच्या चौकटीला मागून स्क्रूने जोडावेत. घर बदलताना पाठ सोबत नेता येते.

काम सुरू करण्याआधी भिंतीची परीक्षा अवश्य करावी. प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने लावून एक-दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले तर ओल भिंतीतून येत आहे असे समजावे. आधी गळती दुरुस्त करावी, मगच पाठ लावावी. ओल झाकल्याने ओल जात नाही. या कामाला कार्तिकानंतरचे कोरडे महिने उत्तम. चातुर्मासात लाकूड फुगलेले असते आणि आपले मनही नव्या आरंभ-समारंभापासून दूर असावे, हे बरे.

खर्चाचे पान

या लेखात रुपयांचे आकडे मुद्दाम घातलेले नाहीत. वाचक व्यापारी आहेत. माल आणि माप सांगितले की भाव त्यांनी स्वतःच काढावा. एका कागदावर दोन रकाने करावेत. 'घरचे' या रकान्यात गोधडी, पिशवीचे कापड, नाड्या, शिलाई, आणि जमल्यास चादर. 'विकतचे' या रकान्यात अर्धा तक्ता प्लाय, फोमचा एक पत्रा, सुमारे साडेनऊ फूट लाकडी पट्टी, स्क्रू व गिट्ट्या, आणि कापण्याची मजुरी. दुसऱ्या रकान्याची बेरीज करून ती तयार पाठीच्या किमतीशेजारी लिहावी. फरक दिसतो तो मुख्यतः तीन ठिकाणचा: बटणे घालण्याची मजुरी, मखमली कापड आणि वाहतूक. ज्या गोष्टींमुळे किंमत वाढते, त्यांतील बटणे आणि मखमल याच गोष्टी सफाई अवघड करतात, हेही त्या कागदावरून ध्यानात येते.

उपासकदशांगातील आनंद श्रावक मोठा धनिक होता. व्रत घेताना त्याने आपल्या संपत्तीला मर्यादा घातली, आणि मर्यादा घालता घालता दातवणासारख्या किरकोळ वस्तूपर्यंत आला. जे लागते ते किती आणि कसे, हे ठरवून घेण्यास त्याला कोणतीही वस्तू क्षुल्लक वाटली नाही. पलंगाची पाठ दातवणापेक्षा तर मोठीच आहे.

वर्षातून एकदा

पाठ तयार झाली म्हणजे काम संपले असे नाही. दर पंधरवड्याला पाट्या उतरवून मागची बाजू पूंजणीने हळुवार झाडावी आणि भिंत पाहावी. महिन्याकाठी अभ्रे धुवावेत. पावसाळा सरल्यावर एका कोरड्या सकाळी, सूक्ष्म जीव नाहीत हे नीट न्याहाळून, गाद्यांना ऊन द्यावे. साधू-साध्वी दिवसातून दोनदा वस्त्र-पात्रांचे प्रतिलेखन करतात. गृहस्थाला तेवढे साधत नाही, पण जी वस्तू उघडताच येत नाही तिचे प्रतिलेखन कोणालाच साधणार नाही.

आणि दिवाळीपूर्वी, पेढीवर वहीपूजनाची तयारी चालू असेल तेव्हा, घरी या तिन्ही पाट्यांच्या नाड्या सोडाव्यात. मुलांना जवळ बसवावे. हा फोम, ही पणजीची गोधडी, ही सोलापूरची चादर, हे लाकूड, असे एकेक दाखवावे. पूर्वी गादी उसवली जात असे तेव्हा आजोबा हेच करीत. चोपडीतील प्रत्येक रक्कम कुठून आली हे जसे सांगता आले पाहिजे, तसेच आपल्या उशाशी काय आहे हेही सांगता आले पाहिजे.